वाण्याची वही

काटकसर हा शब्द आपण फार सहज वापरतो आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या नावावर टाकून मोकळे होतो. ती हुशार असेल तर थोडक्यात घर चालतं, नसेल तर पगार पुरत नाही, असा आपला समज. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून तिला सल्लेही भरपूर मिळतात. यादी करून बाजारात जा, हंगामात घ्या, भाव विचारून घ्या. सल्ले चुकीचे नाहीत. पण गिरणगावात वाढलेला माणूस म्हणून मला नेहमी वाटत आलं आहे की, त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. किराणा स्वस्त पडावा आणि तरीही ताटात येणारं धान्य चांगलं असावं, हे एकट्या बाईच्या हुशारीवर कधीच अवलंबून नव्हतं. ज्या घरात वाण्याची वही होती, त्या घरातल्या हुशार बाईचेही हात बांधलेले होते. म्हणून आज भावापेक्षा त्या वहीबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी एका जुन्या अहवालाकडे वळू. मुंबई सरकारच्या कामगार खात्याने १९२१-२२ साली शहरातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या खात्याचे प्रमुख होते आणि त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च त्यात आहेत. मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा नुसत्या खाण्यावर जात होता. जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात होती. त्या अहवालातला एक निष्कर्ष वाचताना मात्र आजही थबकायला होतं. मुंबईचा कामगार जेवढं धान्य खातो, ते दुष्काळी कामांवरच्या माणसाला सरकार देई त्याच्या जवळपास भरतं, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळे त्यापेक्षा कमी पडतं! बारा-बारा तास नाही तरी दहा तास साच्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिलेलं आहे.

पगार कमी होते हे त्याचं उघड कारण. पण कमी पगाराचा माणूस त्याच शहरात धान्यासाठी जास्त पैसे मोजत होता, आणि ते कसं घडत होतं हे समजून घ्यायला हवं. गिरणीचा पगार महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे. पुढच्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उजाडे. म्हणजे कोकणातून किंवा घाटावरून नव्याने आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी काम सुरू केलं, तर पहिला पैसा दिसायला दीड महिना लागे. १९३६ साली वेतन देण्याबाबतचा कायदा झाला आणि मोठ्या कारखान्यांना दहा तारखेच्या आत पगार देणं बंधनकारक झालं. तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, मधले दिवस काढायचे कसे? चाळीच्या नाक्यावरचा वाणी होताच. तो वहीत नाव घाली आणि पहिलं पायलीभर धान्य देई.

त्या काळी गिरणगावात सावकाराचा सर्रास दर होता रुपयाला महिन्याकाठी एक आणा. ऐकायला किती हलका वाटतो! वर्षाचा हिशेब केला की रुपयावर बारा आणे होतात, म्हणजे शेकडा पंचाहत्तर. वाणी बहुतेक वेळा असं उघड व्याज लावत नसे. तो ते भावातून घेई, मापातून घेई आणि मालातून घेई. रोखीच्या गिऱ्हाइकाला एक तांदूळ, वहीच्या गिऱ्हाइकाला दुसरा. मेट्रिक वजनं यायच्या आधी शेर, पायली, मण यांचं वजन गावागणिक बदलत असे. त्यात घेताना माप शिगोशीग आणि देताना सपाट, ही तर जुनीच तऱ्हा. आणि समजा डाळीत खडे निघाले, तर बोलणार कोण? ज्याची बाकी आहे त्याला दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही आणि याच दुकानात आवाज चढवायचीही सोय नाही. बाईने कितीही भाव विचारला तरी उपयोग नव्हता. वहीत नाव लागलं की भाव विचारण्याचा हक्क संपे.

वाण्याला मी खलनायक करू पाहत नाही. टाळेबंदी झाली, साथ आली, माणूस गावी गेला तो परतलाच नाही, की वहीतली बाकी बुडे. ती बुडीत रक्कम तो उरलेल्यांच्या भावात घाली. म्हणजे पळालेल्याचं कर्ज शेवटी शेजारीच फेडत. त्या व्यवस्थेत वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडेलच असं नाही, आणि तरी तुरुंगापेक्षा कमी धान्य ताटात येतं.

हाच पेच मुंबईच्या आधी, जिथे गिरण्या आधी आल्या तिथे, म्हणजे इंग्लंडात पडला होता. मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. लोकरी कापड विणणाऱ्यांचं. १८४० च्या सुमाराला तिथल्या विणकरांची अवस्था फार वाईट होती. पगारवाढीचे प्रयत्न फसले होते. आणि जे थोडं हातात येई त्यातून मिळणारं अन्न भेसळीचं. फ्रेडरिक अ‍ॅकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२० सालीच लंडनच्या अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. पावात तुरटी, चहात दुसऱ्याच झाडांचा पाला, मिठाईत विषारी रंग. कायदा मात्र व्हायला आणखी चाळीस वर्षं लागली. रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. मांडणी, भाडं वगैरे जाऊन जेमतेम सोळा पौंडांचा माल भरता आला होता. लोणी, साखर, कणीक, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. एवढाच माल. आजूबाजूचे दुकानदार हसले, तेही साहजिकच होतं.

या दुकानाच्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे उधारी बंद. त्याच गावात दहाएक वर्षांपूर्वी असंच एक दुकान निघालं होतं आणि उधारीनेच बुडालं होतं. तो धडा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. हे दुकान स्वस्त नव्हतं! बाजारात जो भाव तोच भाव. माल शुद्ध, वजन पुरं, पैसे रोख. भाव पाडला तर मोठे दुकानदार त्याहून पाडतील आणि आपल्याला चार महिन्यांत बंद करतील, हे त्यांनी ओळखलं होतं. तीन महिन्यांनी हिशेब होई आणि जो नफा उरे तो सभासदांना परत मिळे. ज्याने जास्त भांडवल घातलं त्याला जास्त, असं नाही. ज्याने जेवढा किराणा घेतला, त्या प्रमाणात. म्हणजे घरात खाणारी तोंडं जास्त, त्याची खरेदी जास्त, त्याचा परतावाही जास्त. जेवता जेवता बचत. एका सभासदाला एक मत आणि बायकांनाही सभासद होता येई. बायकांना संसदेच्या निवडणुकीत मत मिळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

ही कल्पना बोटीने आपल्याकडे आलीच. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये एक ग्राहक संस्था उभी राहिली आणि ती टिकलीही. पण पुढची बरीच वर्षं आपल्याकडे सहकार म्हणजे कर्ज देणारी सोसायटी, हेच समीकरण राहिलं. खाणाऱ्यांचा सहकार अधूनमधून निघे आणि मिटे. त्याला जोर आला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली मुंबईत रेशनिंग लागू झाल्यावर. बंगालात त्याच वर्षी लाखो माणसं अन्नावाचून मेली. मुंबईत रांगा होत्या, धान्यात खडे होते, पण कार्डावर ठरलेलं धान्य ठरलेल्या भावाने मिळत होतं. रेशनला नावं ठेवणाऱ्यांनी या दोन ठिकाणांचं १९४३ साल एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या डिसेंबरात धान्यावरचं नियंत्रण उठवायला सुरुवात झाली. भाव भडकले आणि १९४८ च्या शेवटाकडे सरकारला पुन्हा नियंत्रण आणावं लागलं. नेमक्या त्याच वर्षी, १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत एक छोटं सहकारी दुकान सुरू झालं. तेच पुढे ‘अपना बाजार’. १९६८ साली नायगावातच त्याचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर निघालं. त्या काळी डिपार्टमेंट स्टोअर म्हटलं की फोर्टातली साहेबी दुकानं डोळ्यांपुढे येत, आणि हे उभं राहिलं गिरणी कामगारांच्या चाळींमध्ये.

मी त्याच नायगावात वाढलो. अब्बा गिरणीत साच्यावर होते, आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिसरी-चौथीत गेल्यापासून यादी मी लिहायचो. ती घरच्या बोलीत सांगायची, चने की दाल, राई, धनिया, आणि मी शाळेतल्या मराठीत लिहायचो, हरभरा डाळ, मोहरी, धणे. लोक विचारतात तुम्ही मराठीत लिहायला कधी लागलात, तेव्हा मी कवितेचं साल सांगतो. खरं तर सुरुवात या यादीपासून झाली. दुकानात माल पिशवीत बांधून, वर वजन आणि किंमत लिहून ठेवलेला असे. आईला अक्षर येत नसलं तरी आकडा येत होता. वाण्याकडे ती बोलत नसे, इथे ती पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून पाही, नको असली तर परत ठेवी. कुणी काही म्हणत नसे. पिशवी परत ठेवण्यातला तो मोकळेपणा मला तेव्हा कळत नव्हता.

अपना बाजारच्या पुढच्या काळातल्या पडझडीबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे. कितीतरी शाखा मिटल्या, गिरण्या गेल्या, गिऱ्हाईक गेलं, कारभारही सैलावला. त्या तपशिलात आज जात नाही.

पण नुसतं दुकान चांगलं असून भागत नाही. माल ओळखता आला पाहिजे, आणि ही ओळख त्या पिढीच्या बायकांच्या बोटांत होती. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळण्याचा धंदा फार जुना आहे. लाख स्वस्त, दिसायला तुरीची बहीण, पण रोजच्या जेवणात महिनोन्‌महिने पोटात गेली तर पायांतली ताकद जाते. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६१ साली लाखेच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती डाळ तळहातावर पसरून बोटाने फिरवायची. तुरीचा दाणा गोल, लाखेचा एका बाजूने तिरका, कोपरा असलेला. तो वेगळा निघे. फार पिवळीधमक डाळ दिसली की ती पाण्यात टाकून बघे, पाणी रंगलं की संपलं. तिखट तयार घेणं म्हणजे विटेची पूड विकत घेणं, असं आमच्या अख्ख्या चाळीचं मत होतं. त्यामुळे एप्रिल-मे आला की लालबागला जाऊन ब्याडगी रंगासाठी, लवंगी जाळासाठी, थोडी संकेश्वरी, अशा मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, डंकनवर उभं राहून मसाला कुटून आणायचा. उभं राहून, हे महत्त्वाचं. नजर हटली की आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मसाला.

आणि मग बेगमी. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, रब्बीची ज्वारी त्याच्या पाठोपाठ, गहू मार्च-एप्रिलात, नवा तांदूळ दिवाळीनंतर. ज्या त्या वेळी वर्षाचं धान्य भरलं तर भावही कमी आणि पारखून घ्यायला मालही भरपूर. गव्हाला एरंडेल चोळायचं, डाळींना उन्हं द्यायची, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. पावसाळ्यात बाजारात जेव्हा जुना, किडका माल चढ्या भावाने विकला जातो, तेव्हा आपण आपल्या डब्यातलं खायचं. हे सगळं छापील सल्ल्यांतही असतं. छापील सल्ल्यांत नसतं ते एवढंच की, एप्रिलमध्ये पोतंभर गव्हाचे पैसे एकरकमी आणायचे कुठून? पगारदार माणसाला दर महिन्याला पगार मिळतो, वर्षाचा एकदम मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरी बेगमी होते कारण धान्य त्याच्याच खळ्यावर असतं. चाळीत ती झाली भिशीमुळे. आमच्याकडे तिला बीसी म्हणत. दहा-बारा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, दर महिन्याला एकीचा नंबर. इतर वेळी चिठ्ठी काढत. पण धान्य भरायचे महिने आले की आपसात ठरवून नंबर दिला जाई. ज्या घरी माणसं जास्त, तिला एप्रिल. जिच्या गावाहून ज्वारीचं पोतं येणार, तिने पुढचा महिना घ्यायचा. हा हिशेब कुठल्या कागदावर नव्हता. इतिहासकारांच्या हाती तो लागणार नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

१९७२ चा दुष्काळ मी तान्हा असतानाचा. पण अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीच्या आणि सुकडीच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या आहेत की, चव आठवते असं वाटतं. त्या दोन वर्षांत तेल, साखर, रवा, रॉकेल, सगळंच दुकानातून नाहीसं होई आणि मागच्या दाराने दुप्पट भावाने मिळे. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. लाटणी घेऊन, थाळ्या बडवत बायका रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची थोडी थट्टाही होते. पण मागण्या पाहिल्या तर त्या अगदी नेमक्या होत्या. सणाला साखर आणि तेल रेशनवर द्या, साठे बाहेर काढा. मागणी किराणा मालाच्या यादीएवढी स्पष्ट असली की मंत्र्याला गुळमुळीत उत्तर देता येत नाही.

मोर्चाने साठा बाहेर येतो, पण तो पुन्हा आत जाऊ नये यासाठी रोजची व्यवस्था लागते. ती त्याच सुमाराला दुसऱ्या बाजूने उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं होती. गाणी बांधणारा माणूस तूरडाळीच्या वाटपात लक्ष घालतो, हे मला फार आवडतं. पद्धत साधी होती. आजूबाजूच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे आधी भरायचे. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी व्हायची आणि माल थेट एखाद्या सभासदाच्या घरी उतरायचा. तिथे सगळ्यांनी जमून आपापला माल घ्यायचा. दुकानाचं भाडं नाही, काऊंटर नाही, जाहिरात नाही, शिळा साठा नाही. मागणी आधीच ठाऊक असल्याने उरतं काय आणि सडतं काय? टोड लेनवर विणकरांनी उधारी बंद केली होती. इथे त्यापुढची पायरी आली, पैसा आधी आणि माल नंतर. वाण्याची वही उलटी केली होती म्हणा ना.

यात एक अडचण होती आणि ती स्पष्ट सांगायला हवी. पैसे आधी भरायचे तर ते आधी जवळ हवेत. त्यामुळे ही चळवळ दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे अशा पगारदार मध्यमवर्गात जेवढी रुजली, तेवढी आमच्या चाळींत रुजली नाही. ज्यांची बाकीच फिटत नव्हती त्यांनी आगाऊ पैसे भरायचे कुठून?

त्यांचं उत्तर थोडं वेगळ्या वाटेने आलं आणि मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत नीट हिशेब तिथे सापडतो. गिरणगावात हजारो पुरुष एकटे राहात आणि खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हपुढे बसलेली एक बाई. दहा-वीस माणसांचं दोन वेळचं करायची. जेवणारे पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर ती वाण्याकडून उधारीवर माल आणणार, आणि वरखर्चाला सावकार. जेवणाऱ्याचा दर वाढवता येत नसे, कारण त्याचाही पगार तेवढाच. मग काटछाट कुठे होणार? तांदूळ हलका, तेल कमी, डाळ पातळ. खाणावळीचं पातळ वरण हा विनोदाचा विषय आहे खरा, पण त्यात पाणी वाढवत होतं ते व्याज. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना थेट कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायका. एकमेकींची हमी, एवढंच तारण. हातात रोख रक्कम आल्यावर खाणावळवाली वाण्याच्या वहीतून मोकळी झाली आणि घाऊक बाजारातून पोत्याने माल घेऊ लागली. पैसा तोच, राबणारे हात तेच. व्याज गेलं आणि त्या जागी डाळ आली.

आमच्या शेजारच्या काकू खाणावळ चालवत. त्या कर्ज घ्यायला गेल्या तेव्हा सही येत नव्हती म्हणून आठवडाभर आमच्या घरी बसून सही गिरवत होत्या. गिरवून घ्यायला मी होतो. मला त्याबद्दल रोज एक लाडू मिळे, आणि तो चांगल्या तुपातला असे.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. त्या वर्षी पगारच नव्हता, तिथे रोखीच्या दुकानाचा उपयोग काय! अपना बाजारची पायरी आमच्या घराने सोडली आणि अब्बा पुन्हा नाक्यावरच्या वाण्याकडे गेले. त्याने वही उघडली. पहिले काही महिने त्याने कुणाला नाही म्हटलं नाही. आमच्या गल्लीतले दोन वाणी त्या संपात बसले ते पुन्हा उठले नाहीत. गावाहून एसटीच्या टपावर पोती येत, ज्वारीची, हुलग्याची. चाळीत ज्याच्याकडे पोतं येई तो आधी शेजारी मोजून देई आणि मग स्वतःच्या डब्यात ओते. आईने मसाला त्या वर्षी निम्माच केला, पण लालबागला जाऊन, उभं राहूनच केला.

आज नायगावच्या त्या रस्त्यावर उंच इमारती आहेत आणि दहा मिनिटांत सामान दारात आणून देणारी मुलं मोटारसायकलवरून धावताना दिसतात. फोनवर यादी, फोनवर पैसे. त्यातच ‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ अशी सोयही असते. माझ्या मुलीने ती एकदा मला कौतुकाने दाखवली, तेव्हा मी खालची बारीक अक्षरं वाचायला चष्मा मागितला. वही परत आली होती, फक्त तिच्यावर तेलाचे डाग नव्हते. दुसरीकडे वस्त्यांमधल्या टपऱ्यांवर तेल, मसाला, चहा यांच्या लहान पुड्या लटकलेल्या असतात. ज्याच्या हातात आजच्यापुरतेच पैसे आहेत, तो पुडी घेतो. एकदा त्या पुडीवरचं वजन आणि किंमत पाहून किलोचा भाव काढून बघा. रोजंदारीवरचा माणूस काय भावाने चहा पितो, ते कळेल.

आम्ही हल्ली राहतो त्या सोसायटीत चौदा घरं मिळून धान्य आणतो. मावळातला इंद्रायणी तांदूळ डिसेंबरात, तूरडाळ फेब्रुवारीच्या शेवटी, गहू एप्रिलात. पैसे आधी गोळा होतात. ज्यांना एकरकमी जमत नाही अशी तीन घरं आहेत, धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका आणि रखवालदार. त्यांच्यासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे जमा करायचा एक डबा ठेवला आहे. हिशेब माझ्याकडे आहे. तांदूळ उतरला की तो जिन्याखाली सगळ्यांसमोर तोलायचा, असं पहिल्याच वर्षी ठरलं. तेवढ्यासाठी जुना लोखंडी तराजू मी चोरबाजारातून आणला.